स्वतः ठरवून गर्भपात केला, तरी तीन महिन्यांनी रडू येतं. माझ्या एकटीचंच असं होतंय का?

अबोलीचा_वळेसर (९ जुलै २०२४, रात्री ११.१०)

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचक आहे. पाककृती वाचते, बागेचे धागे वाचते, कधी काही लिहिलं नाही. आज लिहितेय, आणि थांबले तर पुसून टाकेन म्हणून एका दमात लिहिते.

फोंड्याजवळ राहते. मोठा पाच वर्षांचा, धाकटी सतरा महिन्यांची. एप्रिलमध्ये मला सारखी मळमळ होऊ लागली. वाटलं ऊन बाधलं. धाकटीला अंगावर पाजत होते, बाळंतपणानंतर पाळी अजून आलीच नव्हती, त्यामुळे चुकली असं म्हणायलाही काही नव्हतं. सोनोग्राफीत सात आठवडे निघाले. ‘अंगावर पाजते तोवर राहत नाही’ हे आईकडून, मावशीकडून, शेजारच्या काकींकडून ऐकलेलं, आणि मी ते पक्कं धरून चालले होते.

दोन रात्री आम्ही बोललो. हे वेर्ण्याला कंपनीत शिफ्टमध्ये असतात, सासूबाईंचे गुडघे गेलेत, घरात दोन्ही पोरांना बघणारी मी एकटी. तिसरं नको, यात दोघांनाही शंका नव्हती. डॉक्टरबाई चांगल्या भेटल्या. सगळं समजावलं, सही घेतली, पहिली गोळी समोर दिली, दोन दिवसांनी दुसऱ्या. त्या दिवशी दुपारी चार-पाच तास पोटात अशा कळा आल्या की न्हाणीघरात भिंतीला पाठ लावून बसून राहिले. गाठी पडल्या. मग सोळा दिवस अंगावरून जात होतं. सासूबाईंना सांगितलं, पाळी परत सुरू झाली. चौथ्या दिवशी साखळीला नात्यातलं लग्न होतं. साडी नेसून, आत दोन पॅड लावून, मी पंगतीत वाढत होते.

आता जुलै आला. धाप लागते, केस गळतात, ते मी धरत नाही. पण संध्याकाळी पावसात न सुकलेले कपडे आतल्या दोरीवर घालताना रडू येतं. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. पश्चात्ताप नाही. उद्या परत तीच वेळ आली तर तेच करीन. म्हणूनच काही समजत नाही. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी फसवलं नाही, आपणच ठरवलेल्या गोष्टीवर आपण रडायचं, हा हक्क असतो का बाईला? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग तेव्हा बोलायचं होतंस.’ रागाने नाही म्हणाले, पण त्यानंतर मी त्यांच्यासमोर रडत नाही.

वर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर आलाय, गर्भपात केलेल्या बायकांना स्तनाचा कर्करोग होतो आणि पिशवी कायमची खराब होते म्हणून. तो वाचल्यापासून झोप नाही.

---

शेवंती_म्हापसा

कडकडून मिठी तुला. बाकीचं जाणकार सांगतीलच. मी एवढंच सांगते की तू एकटी नाहीस, आणि मला हे ठामपणे माहीत आहे.

---

निवृत्त_सिस्टर (१० जुलै, सकाळी ६.३०)

गो बाय, मी तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स होते, आधी सत्तरी तालुक्यात, मग डिचोलीच्या बाजूला. आधी तुझ्या शरीराचं बोलू. बायका मनाचं दुखणं म्हणून जे सांगत यायच्या, त्यातलं पुष्कळसं मला रक्ताच्या रिपोर्टात सापडायचं.

सोळा दिवस अंगावरून गेलं यात भिण्यासारखं काही नाही. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची. गर्भाला धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती अडवते, आतलं अस्तर सुटू लागतं. एक-दोन दिवसांनी घेतात ती मिसोप्रोस्टॉल, ती पिशवीला कळा आणते. जोराचं जाणं एक-दोन दिवसांचं. पुढे दोन आठवडे, कधी थोडे जास्त, हलकं जात राहतं किंवा डाग दिसतात. पाळी चार ते आठ आठवड्यांत येते. लघवीची चाचणी तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, तेवढ्यावरून गर्भ राहून गेला असं समजून बायका घाबरतात. खात्री करायची तर दोन आठवड्यांनी डॉक्टरकडे दाखवायला जायचं. तू गेली होतीस का, ते लिहिलं नाहीस.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. एका तासात दोन मोठी पॅड पूर्ण भिजली आणि लागोपाठ दोन तास तसंच चाललं, तर सकाळची वाट पाहू नका. १००.४ च्या वरचा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, किंवा घाण वासाचं जाऊ लागलं, तर आत संसर्ग झालाय असं धरा. एका बाजूला भोसकल्यासारखं पोट दुखतं, खांद्याच्या टोकाला दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर १०८ ला फोन करा. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून आतल्या आत रक्त वाहतं. म्हणून गोळ्यांच्या आधी तपासणी हवी आणि शंका असेल तर सोनोग्राफी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरला विचारा. औषधाच्या दुकानातून गुपचूप गोळ्या आणणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, आणि अशा खूप आहेत. २०१५ सालात देशभर १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज लॅन्सेटच्या नियतकालिकात आला होता. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश इस्पितळाबाहेर, गोळ्यांवर झालेले.

आता तुझं रडू. दिवस गेल्यावर चढलेली हार्मोन्स थोड्या दिवसांत झपाझप उतरतात. बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडते तेव्हा तिला कोणी नावं ठेवत नाही, इथेही तोच प्रकार असतो. पण तुझे तीन महिने झाले, आता सगळं हार्मोनवर ढकलता येणार नाही. धाप लागते, केस गळतात, अंगावर पाजतेस, त्यात सोळा दिवस रक्त गेलं. उद्याच हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घे.

आणखी एक मनात आलं ते लिहितेच. बाळंतिणीला ऊन पाणी मिळतं, पेज मिळते, निजायला खोली मिळते, कारण घराला माहीत असतं. तुझं अर्धं बाळंतपणच झालं, पण माहीत कोणालाच नाही, म्हणून तू चौथ्या दिवशी पंगतीत वाढत उभी. मी पाहिलेल्या बायकांचे हाल औषधापेक्षा लपवण्याने जास्त केले.

---

संचालक

एक प्रतिसाद काढला आहे. मतभेद लिहा, पण धागाकर्ती कोण, कुठल्या गावची, याचा अंदाज बांधणारं काहीही इथे राहणार नाही.

---

पर्वरी_अठ्ठावीस

मी दुसऱ्या टोकाची आहे. वय २८, लग्न झालेलं नाही, दोन वर्षांपूर्वी सहा आठवड्यांचा गर्भपात. मला दुःख झालं नाही. पंधरा दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरला आणि मी गाढ झोपले. तेव्हापासून मनात एक प्रश्न आहे, मी दगड आहे का? मालिकेत बाई गर्भपातानंतर खिडकीशी बसून अश्रू ढाळते, वाचलेल्या गोष्टींतही तसंच. मी आठव्या दिवशी मैत्रिणीबरोबर मिरामारला भेळ खात होते.

मला त्रास झाला तो माणसांचा. पहिल्या खासगी दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने भरल्या जागेत मोठ्याने विचारलं, ‘नवऱ्याची सही आणलीय का?’ नवरा नाही म्हटल्यावर ‘मग आईला घेऊन ये.’ मी उठून बाहेर आले आणि गोळ्या दुकानातून घेतल्या. गर्भ पूर्ण पडला नाही, आत तुकडा राहिला. नवव्या दिवशी रक्त थांबेना तेव्हा सरकारी इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरने एकही जादा प्रश्न न विचारता पोकळ नळीने ओढून पिशवी साफ केली. दहा मिनिटांचं काम. खरडण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही सुरक्षित, जागतिक आरोग्य संघटनाही हीच वापरा म्हणते, हे मला नंतर कळलं. हे आधीच सरळ झालं असतं तर ते नऊ दिवस वाचले असते.

सही कोणाची लागते ते मी मग कायदा काढून वाचलं. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात १८ वर्षांपुढच्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, आईची नाही. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठीच पालकाची. २०२१ च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फसल्याच्या कारणापुढचे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांसाठी दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या २० ते २४ मधून अविवाहित बाईला वगळता येणार नाही. आणि बाईचं नाव फोडणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. हे काउंटरवर म्हणता आलं असतं, पण तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या जागेत, तेवढ्या माणसांपुढे तोंडून शब्द फुटला असता का, सांगता येत नाही.

---

पेडणेकरीण

माझं मत इथे कोणाला आवडणार नाही. पोटातला जीव हा जीवच, असं मी मानते. माझ्या घरात तेच शिकवलं, मीही पोरांना तेच शिकवलं. पण अबोली, तू जे लिहिलंस ते वाचून तुला बोल लावावासा वाटला नाही. तुला रडू येतं ते मला नैसर्गिक वाटतं. देवाकडे माफी मागून मन हलकं होत असेल तर माग.

---

पर्वरी_अठ्ठावीस

पेडणेकरीण काकू, तुम्ही मायेने लिहिलंत ते पोहोचलं. पण तिने पश्चात्ताप नाही असं स्पष्ट लिहिलंय. तिला माफी मागायला सांगितलं की तिच्या रडण्याला आपण गुन्ह्याची कबुली करून टाकतो. मग ती रडणंही लपवणार.

---

पेडणेकरीण

हे मला पटलं नाही, पण विचार करीन.

---

माटोळी

दोन दिवस लिहू की नको करत होते.

माझं मूल आम्हाला हवं होतं. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले. १८ व्या आठवड्याच्या अनॉमली स्कॅनमध्ये, बाळात काही व्यंग आहे का बघतात त्या सोनोग्राफीत, डॉक्टर बोलायच्या थांबल्या. डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. जन्मलं तर काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. दोन डॉक्टरांनी कागद केले आणि १९ व्या आठवड्यात मला दाखल केलं. गोळ्या ठेवत गेले, कळा आल्या, पूर्ण बाळंतपणाच्याच कळा. शेजारच्या खाटेवर एकीला मुलगी झाली होती, पेढे वाटत होते, माझ्या नवऱ्याच्या हातावरही एक ठेवला. मला बघायचं होतं. मी विचारलं नाही आणि मला कोणी विचारलं नाही. कापडात गुंडाळून नेलं.

चौथ्या दिवशी दूध आलं. याची मला कोणीही कल्पना दिली नव्हती. छाती दगडासारखी, ब्लाउज भिजलेला, आणि घरात मूल नाही. मी आंघोळीला बसले की दार लावून पिळून काढायचे, त्याने आणखी यायचं. शेवटी नणंदेने डॉक्टरला फोन केला. पिळू नका, घट्ट आधार द्या, थंड पट्ट्या ठेवा, आणि एक गोळी सांगितली. तीन-चार दिवसांत उतरलं. चार महिने उलटल्यावर मूल गेलं तर दूध येऊ शकतं, हे इस्पितळातून घरी पाठवताना एका वाक्यात सांगता येत नाही का? ते वाक्य मिळालं असतं तर निदान स्वतःच्या शरीराची मला भीती वाटली नसती.

त्या वर्षी चवथीला आम्ही गणपती आणला. सासूबाईंनी गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं माझ्याकडून बांधून घेतली, दरवर्षीसारखी, मन रमावं म्हणून. घरात वीसेक माणसं, त्यातलं एकही माझ्याशी त्या विषयावर बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. अबोलीच्या घरी कोणाला माहीत नाही म्हणून कोणी विचारत नाही, माझ्या घरी सगळ्यांना माहीत होतं म्हणून कोणी विचारलं नाही.

सगळ्यात कठीण दिवस मात्र चवथीचा नव्हता. डॉक्टरने दिलेली तारीख होती ती, १४ डिसेंबर. फ्रिजवर चिकटवलेला कागद मीच काढला होता, पण तारीख कुठे जाते? त्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली. दरवर्षी घेते. आज सहा वर्षं झाली, नंतरची मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या वेळी तीन महिने आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस दिला होता. ज्यांचं असं झालंय त्यांनी पुढच्या वेळी हे आधी विचारा, दिवस राहिल्यावर विचारून उशीर होतो.

---

समुपदेशक_मडगाव

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. माटोळी, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ नुसती बसले होते.

अबोली, तू विचारलंस त्या हक्काबद्दल. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी टर्नअवे नावाचा अभ्यास केला. सुमारे १,००० स्त्रियांशी पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी फोनवर बोलून. काहींना गर्भपात मिळाला होता, काहींना मुदत उलटल्यामुळे नाकारला गेला होता. मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना निर्णय जड गेला होता. त्याच स्त्रियांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणींनी पाच वर्षांनंतरही तो बरोबर होता असं सांगितलं, आणि सर्वांत जास्त आढळलेली भावना सुटकेची होती. जड जाणं आणि बरोबर असणं एकाच बाईत नांदतं. इतक्या जणींनी ते सांगितलंय की तू वेगळी आहेस असं समजायचं काही कारण नाही. पर्वरीची, तूही दगड नाहीस, तू तर बहुसंख्यांत आहेस.

माहेर सोडताना मुलगी रडते तेव्हा ‘लग्न तूच ठरवलंस ना?’ असं आपण तिला विचारत नाही.

गर्भपाताने वेड लागतं, नैराश्य येतंच, असं जे पसरवलं जातं त्याबद्दल. ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने २०११ मध्ये सगळे उपलब्ध अभ्यास तपासले. नको असलेलं गर्भारपण असेल तर पुढे गर्भपात केला काय किंवा मूल जन्माला घातलं काय, मानसिक आजाराचं प्रमाण सारखंच निघालं. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांना धोका सर्वांत जास्त. माझ्या समोर येणाऱ्यांत मला आणखी दिसतात त्या म्हणजे जबरदस्ती झालेल्या, माटोळीसारखं हवं असलेलं मूल गमावलेल्या, आणि कोणालाच सांगू न शकलेल्या.

तुझं रडू आठवड्यातून दोन-तीनदा, निमित्ताने येतं, आणि तू कामं करतेस, मुलांत रमतेस असं वाटतं. हे दुःख आहे, आजार नाही. पण सलग दोन आठवडे कशातच मन लागेना, भूक-झोप गेली, मुलांकडे बघवेना, जगू नये असं मनात आलं, तर थांबू नको. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसिक आरोग्याच्या इस्पितळाची ओपीडी आहे. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं आपल्याकडे अजून बोलतात, ते कानाआड करायचं.

---

निवृत्त_सिस्टर

व्हॉट्सअ‍ॅपवाल्या मजकुराचं उत्तर राहिलं होतं. स्तनाच्या कर्करोगाचं म्हणणं खोटं आहे. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये १६ देशांतल्या ५३ अभ्यासांची, स्तनाचा कर्करोग झालेल्या ८३,००० स्त्रियांची एकत्र तपासणी आली, त्यात गर्भपाताशी काही संबंध सापडला नाही. हे छापून घेऊन पर्समध्ये ठेव.

पिशवीचं म्हणशील तर नीट झालेल्या गर्भपाताने वांझपण येत नाही. संसर्ग अंगावर काढला, किंवा पुन्हा पुन्हा जोरात खरडलं आणि आतली बाजू एकमेकींना चिकटली, तर पुढे त्रास होतो. उलट मी सावध करीन ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही अंडं सुटू शकतं. पाळी यायच्या आधी परत दिवस गेलेल्या बायका मी पाहिल्यात. अंगावर पाजण्याचं संरक्षण फक्त मूल सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध आणि पाळी आलेली नाही, हे तिन्ही असेल तेव्हाच. तुझी तर तेव्हा चौदा महिन्यांची होती. आईला, मावशीला दोष देऊ नको, त्यांना अर्धंच कोणी सांगितलं होतं.

---

खांडेपार

पुरुषाने इथे लिहावं का माहीत नाही. आमचं गेल्या वर्षी झालं, नववा आठवडा. मी बाहेर बाकावर बसून होतो. बायको बाहेर आली तेव्हा काय बोलायचं सुचेना म्हणून विचारलं, ‘भूक लागलीय का?’ ती अजून ते वाक्य मला ऐकवते. अबोलीचे मिस्टर जे बोलले ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. कारण मी तेच मनात म्हटलं होतं, नशिबाने तोंडाने नाही. आता वर्ष झालंय. विषय काढला तर जखम उघडेल, नाही काढला तर तिला वाटेल मी विसरलो. काय करू?

---

माटोळी

काढा. जखम उघडीच असते, तुम्हाला फक्त दिसत नाही. ‘मला तो दिवस आठवतो’ एवढं म्हणा आणि उत्तराची घाई करू नका. माझ्या नवऱ्याने चार वर्षांनी सांगितलं की तो पेढा त्याने इस्पितळाच्या मागे जाऊन पुरला होता. मला ते पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं.

---

वेर्णा_लाइन_३

एक उपयोगाचं. मी कारखान्यात आहे आणि माझ्या वेळी ताप म्हणून तीन दिवस रजा काढून चौथ्या दिवशी मशीनवर उभी होते. प्रसूती लाभाच्या कायद्यात आहे. गर्भपात आपोआप झालेला असो किंवा कायद्याने केलेला असो, सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातून आजारपण आलं तर वर एक महिना. डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो, तिथेच बहुतेकजणी अडतात, कारण दाखला दिला की ऑफिसात कळणार. माझंही तेच झालं. पण रजा आहे हे माहीत असून न घेणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं.

---

जुनी_वाट (१३ जुलै, रात्री १.४०)

माझं वय ६१. नातीने हे खातं उघडून दिलं, तिला मी काय वाचते ते माहीत नाही.

१९९१ साल. दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी सासरे आणि दीर मला ‘चेकिंगला’ म्हणून गाडीत घालून घाटापलीकडे घेऊन गेले. सोनोग्राफी केली. माझ्याशी कोणी बोललं नाही, ते आपसात बोलले. मला वाटलं परत निघालो. दुसऱ्या दवाखान्यासमोर गाडी थांबली. पाचवा महिना लागला होता. मी हालचाल ओळखत होते.

लिंग तपासायला बंदी घालणारा कायदा १९९४ ला आला असं मी नंतर पेपरात वाचलं. माझ्यासाठी उशीर झाला होता. पुढे महिनाभर ताप, घाण वास, कंबर धरलेली. घरच्या घरीच काढे दिले. परत दिवस गेले नाहीत. बाहेर सांगितलं, हिची पिशवीच कमजोर.

इथल्या मुली ‘मी ठरवलं’ असं लिहितात ते वाचताना मला काय वाटतं ते सांगता येत नाही. हेवा वाटतो असं लिहिलं तर चालेल का? ठरवण्याचं दुःख मला माहीत नाही. मला फक्त ते माहीत आहे ज्यात मला कोणी विचारलं नाही. ३३ वर्षांची झाली असती. तिच्या वयाच्या बायका दिसल्या की मी मनात हिशेब करते, मुलं किती असती, नोकरी कुठे असती. सासरे गेले तेव्हा मी रडले नाही, आणि लोक म्हणाले किती खंबीर.

अबोली बाळा, तुला रडू येतंय तोवर रड. मी तेव्हा रडले नाही.

---

पेडणेकरीण

जुनी_वाट, तुमचं वाचून मी उठून देवघरात जाऊन बसले. तुमच्या मुलीचं नाव ठेवलं होतंत का तुम्ही?

---

जुनी_वाट

ठेवलंय. ते इथे लिहीत नाही.

---

अबोलीचा_वळेसर (२० जुलै, दुपारी ३.१५)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. एकेकीला वेगळं उत्तर द्यायचं मनात आहे, पण शब्द सुचत नाहीत, विशेष करून जुनी_वाट यांना. तुम्ही लिहिलंत म्हणून मी एक गोष्ट केली. मधल्या रविवारी माझी वहिनी आली होती. ती चूल पेटवत असताना मागून जाऊन सांगितलं. चेहरा दिसत नव्हता म्हणून सांगता आलं. ती वळली नाही, नुसती म्हणाली, ‘साखळीच्या लग्नात तू पिवळी पडली होतीस, मी बघत होते.’ मग दोन्ही पोरांना घेऊन ती माझ्या माहेरी गेली आणि मी संध्याकाळपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून तिझान पाठवलं, नाचण्याचं, गूळ घातलेलं.

ह्यांना माटोळी आणि खांडेपार यांच्या पोस्ट वाचायला दिल्या. वाचून काही बोलले नाहीत. रात्री दोरीवरचे कपडे त्यांनी काढले.

सिस्टर, रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ७.९. एप्रिलमध्ये १०.४ होतं. दोन आठवड्यांनी दाखवायला मी गेलेच नव्हते, तुम्ही बरोबर ओळखलंत.

---

निवृत्त_सिस्टर

७.९ म्हणजे गंमत नाही, तरी तू घरचं सगळं करत होतीस! रिपोर्ट घेऊन उद्याच त्या डॉक्टरबाईंकडे जा. आत काही राहिलं नाही ना ते सोनोग्राफीत बघायला सांग, आणि लोहाच्या गोळ्या किती ते त्या ठरवतील, कदाचित शिरेतून देतील. गोळ्या दिल्या तर चहाबरोबर आणि दुधाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळी होईल, घाबरू नको. तांबीचं पण त्याच खेपेला विचारून ये. आणि वहिनीला बरोबर ने.